वजनाचं इंजेक्शन चालू आहे आणि ऑपरेशन ठरलंय: तारीख मिळाल्यापासून घरी परत येईपर्यंत काय करायचं

माउंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये आणि ओझेम्पिक डिसेंबरमध्ये. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं, म्हणजे वेगोवी आणि ओझेम्पिकमधल्या घटकाचं, इथलं पेटंटही संपलं. आठवड्याला एकदा पोटावर टोचायचं हे औषध आता मुंबई-पुण्यापुरतं राहिलेलं नाही. चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीकडची माणसंही ते घेतात. काही जण डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतात, काहींना मुंबईचा मुलगा बर्फाच्या पिशवीत घालून आणून देतो. त्यामुळे एक प्रश्न वरचेवर कानावर येतो: "पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय, इंजेक्शन किती दिवस आधी बंद करू?"

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिलं काम म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं सांगणं. ज्याने गुपचूप एक आठवडा इंजेक्शन टाळलं आणि भूलतज्ज्ञाला काहीच सांगितलं नाही, त्याच्यापेक्षा ज्याने इंजेक्शन घेतलं आणि तसं स्पष्ट सांगितलं, तो जास्त सुरक्षित असतो. असं का, ते खाली कळेल.

आधी पोटात काय होतं ते समजून घ्या

ही औषधं भूक कमी करतात आणि जठर रिकामं होण्याचा वेगही मंदावतात. एरवी त्याचा फायदाच होतो, कारण थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं. भूल देताना मात्र हाच गुण आडवा येतो. पूर्ण भूल दिल्यावर, किंवा एंडोस्कोपीसाठी गाढ गुंगी दिल्यावर, घशाचा नैसर्गिक बचाव बंद पडतो. जागेपणी अन्न श्वासनलिकेकडे गेलं तर ठसका लागतो, भुलेत तो लागत नाही. जठरात काही शिल्लक असेल तर ते उलट वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तर ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात.

नेहमीचा नियम असा: हलकं जेवण सहा तास आधी, तेलकट किंवा जड असेल तर आठ तास आधी, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. हे आकडे साधारण वेगाने रिकाम्या होणाऱ्या जठरासाठी आहेत. इंजेक्शन घेणाऱ्या काही माणसांच्या जठरात रात्रभर उपास करूनही सकाळी अन्न सापडतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकात हा इशारा घालायला लावला.

आपण नेमकं काय घेतो ते कागदावर लिहा

पेनवरचं मोठ्या अक्षरातलं नाव पुरेसं नाही. आता एकाच घटकाचे निरनिराळे ब्रँड मिळतात, म्हणून खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक पाहा. सेमाग्लुटाइड (ओझेम्पिक, वेगोवी), टिर्झेपाटाइड (माउंजारो) आणि डुलाग्लुटाइड ही आठवड्याची इंजेक्शनं. लिराग्लुटाइड रोज घ्यायचं. रायबेल्सस ही सेमाग्लुटाइडचीच रोजची गोळी. गोळी असली तरी ती याच घरातली, तीही सांगायचीच.

घटकाखाली डोस किती मिलिग्रॅम, शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला आणि डोस शेवटचा कधी वाढवला, हे लिहा. या तिसऱ्या गोष्टीला लोक महत्त्व देत नाहीत, पण भूलतज्ज्ञ तीच आधी विचारतात. औषध सुरू केल्यानंतरच्या आणि डोस वाढवण्याच्या महिन्यांत जठर सर्वांत मंद असतं. पुष्कळ महिने एकाच डोसवर असलेल्या माणसात हा परिणाम बराच ओसरतो. म्हणजे महिन्याभरापूर्वी सुरुवात केलेला माणूस आणि वर्षभर एकाच डोसवर स्थिर असलेला माणूस, दोघांची जोखीम सारखी नसते.

शेवटी लक्षणं लिहा. मळमळ, उलटी, पोट फुगणं, आंबट ढेकर, बद्धकोष्ठ, यांपैकी काही अलीकडे होतंय का? होत असेल तर भूल देणाऱ्यासाठी ती मोठी खूण आहे. जुना मधुमेह, कंपवात, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) किंवा जठराचं आधीचं ऑपरेशन असेल तर तेही त्याच कागदावर येऊ द्या.

प्रत्येक कामाला सारखी काळजी लागत नाही

दाढ काढायची आणि फक्त हिरडीत बधिरीचं इंजेक्शन द्यायचं असेल तर तुम्ही जागेच असता, ठसका शाबूत असतो. डोळ्यात थेंब टाकून केल्या जाणाऱ्या मोतीबिंदूचंही तेच. अशा वेळी इंजेक्शन थांबवायला सहसा कोणी सांगत नाही. डॉक्टरांच्या कानावर घालायचं, एवढंच.

पित्ताशय, हर्निया, गर्भाशय, हाडाचं मोठं ऑपरेशन, म्हणजे जिथे पूर्ण भूल आली, तिथे हा सगळा लेख लागू. दुर्बिणीने जठर तपासायची एंडोस्कोपी आणि मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी यांना लोक ऑपरेशन समजत नाहीत, "नुसती तपासणी आहे" म्हणतात. पण गुंगी तिथेही देतात आणि श्वासनळीत नळी घातलेली नसते, म्हणून तिथे तर जास्तच सांभाळायचं. कमरेत सुई देऊन अर्धं अंग बधिर करत असतील तरी सांगायचंच. ती बधिरी पुरी पडली नाही तर आयत्या वेळी पूर्ण भूल द्यावी लागते.

कोणाला आणि कधी सांगायचं

ऑपरेशनची तारीख ठरली त्याच दिवशी. आदल्या संध्याकाळी सांगून उपयोग नाही, कारण तोवर थांबवायचं की नाही हा पर्यायच हातातून गेलेला असतो. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. दापोली-मंडणगडहून मुंबई, देवगडहून कोल्हापूर, बांदा-दोडामार्गाकडून गोव्यात बांबोळी असा प्रवास करून माणसं ऑपरेशनला जातात. बरोबर दोन नातेवाईक, गाडीभाडं, कामाचा खाडा. तिथे पोचल्यावर भूलतज्ज्ञांनी "आज नको, पुढच्या आठवड्यात या" म्हटलं तर सगळं फुकट. ते म्हणतीलही, आणि त्यांचं बरोबरच असेल.

सर्जनला सांगा, इंजेक्शन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, आणि सर्जनच्या दवाखान्यात विचारा: "भूल देणारे डॉक्टर कोण? त्यांच्यापर्यंत हे पोचवाल का?" छोट्या गावात भूलतज्ज्ञ चार रुग्णालयांत फिरत असतात आणि पेशंटला पहिल्यांदा ऑपरेशनच्या सकाळीच भेटतात. म्हणून निरोप आधी जायला हवा. व्हॉट्सॲपवर एवढं लिहिलं तरी चालेल:

"नमस्कार डॉक्टर. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन १८ तारखेला आहे. मी टिर्झेपाटाइड ५ मिलिग्रॅम दर रविवारी घेतो. डोस दोन महिन्यांपूर्वी वाढवला. अधूनमधून पोट फुगतं, उलटी नाही. मधुमेहाच्या गोळ्याही चालू आहेत, यादी सोबत आहे. इंजेक्शन चालू ठेवू की थांबवू? आदल्या दिवशी काय खाऊ?"

उत्तर लेखी मागा. फोनवर ऐकलेलं घरी येईपर्यंत बदलतं.

आता लाजेचा मुद्दा. "माका काय साखर नाय, वजनासाठी घेतंय, ता कित्याक सांगूचा?" असं म्हणणारी माणसं आहेत. कुणी घरातही सांगितलेलं नसतं. शेजारपाजारचे विचारतात, वजन कसं उतरलं, तर उत्तर "सकाळी चालायला जाते." शेजाऱ्यांना तेच सांगत राहा, हरकत नाही. भूलतज्ज्ञाला मात्र खरं सांगा. नेहमीच्या औषधांची यादी विचारली की लोक गोळ्या सांगतात, इंजेक्शन विसरतात, कारण ते रोजचं नसतं. नर्सने विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

थांबवायचं की नाही

इथे डॉक्टरांमध्येही एकच मत नाही. तुम्हाला दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली तर त्यात कोणी अडाणी आहे असं नव्हे.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सरळ नियम सांगितला: आठवड्याचं इंजेक्शन ऑपरेशनच्या एक आठवडा आधी थांबवा, रोजचं औषध त्या दिवशी घेऊ नका. अनेक रुग्णालयं आजही हेच पाळतात, आणि ते सुटसुटीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीच संघटना आणि पोट-आतड्यांच्या व लठ्ठपणाच्या डॉक्टरांच्या संघटना यांनी मिळून वेगळी दिशा घेतली: बहुतेकांनी औषध चालू ठेवायला हरकत नाही, पण जोखीम माणसागणिक पाहा, जोखीम जास्त असेल तर आदले २४ तास फक्त पातळ आहार द्या, आणि शंका असेल तर सोनोग्राफीने जठर तपासा. जानेवारी २०२५ मधल्या ब्रिटनच्या मार्गदर्शनाचा कलही औषध चालू ठेवण्याकडेच आहे.

मत का बदललं? सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो, टिर्झेपाटाइडला सुमारे पाच दिवस. म्हणजे एक इंजेक्शन टाळून आठवडा गेला तरी निम्मं औषध अंगात आहेच. सेमाग्लुटाइड जवळजवळ पूर्ण निघून जायला पाच आठवडे लागतात. तेवढे आठवडे थांबवलं तर मधुमेह्याची साखर वर जाईल, आणि वाढलेल्या साखरेत जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की गुपचूप आठवडाभर थांबवल्याने पोट रिकामं असल्याची खात्री मिळत नाही. भूलतज्ज्ञाला माहीत असेल तर त्याच्या हातात उपाय आहेत. तो सोनोग्राफीने जठर पाहील, पोट भरलेलं धरून श्वासनळीत नळी घालण्याची वेगळी, झटपट पद्धत वापरेल, शक्य असेल तर कमरेतली सुई निवडेल, नाहीतर तारीख पुढे ढकलेल. माहीतच नसेल तर यातलं काहीच करणार नाही.

एक आठवडा थांबवायला सांगितलं तर हिशोब असा. इंजेक्शन रविवारी, ऑपरेशन बुधवारी १८ ला. १५ चा रविवार टाळायचा. शेवटचं इंजेक्शन ८ ला झालेलं, मध्ये दहा दिवस गेले. यात एकच डोस चुकला. आधीच्या रविवारचाही "खात्रीसाठी" टाळू नका.

आणि तारीख निवडायची मुभा असेल, म्हणजे ऑपरेशन तातडीचं नसेल, तर ते इंजेक्शनच्या वाराच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी मागून घ्या. रविवारी इंजेक्शन घेणाऱ्याने सोमवार विचारावा. सोमवार मिळाला तर आदल्या दिवसाचा डोस नंतर घ्यायचा. जवळपास काही न चुकवता आठवड्याचं अंतर मिळतं. गणपतीच्या आधी ऑपरेशन उरकायच्या घाईत हे कोणाच्या लक्षात येत नाही.

डोस वाढवायची वेळ ऑपरेशनच्या तोंडावर येत असेल तर वाढ पुढे ढकलता येईल का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. माझ्या मते हा प्रश्न थांबवण्याच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो जवळजवळ कोणीच विचारत नाही.

मधुमेह असेल तर

इंजेक्शन साखरेसाठी चालू असेल तर ते आपल्या मनाने थांबवू नकाच. थांबवायला सांगितलंच, तर मधल्या दिवसांत साखर कशी सांभाळायची तेही विचारा आणि घरच्या ग्लुकोमीटरवर रोज तपासा.

दुसऱ्या एका गोळीकडे मात्र नक्की लक्ष द्या: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या या गोळ्या ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करायला सांगतात. उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. या गोळ्या बऱ्याचदा मेटफॉर्मिन किंवा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतात, त्यामुळे आपण त्या घेतो हेच माणसाला ठाऊक नसतं. पाकिटाची मागची बाजू वाचा, नाहीतर औषध दुकानदाराकडून वाचून घ्या.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर उपाशी राहिल्यावर साखर उतरू शकते. ७० च्या खाली गेली, हातपाय थरथरले, घाम फुटला, तर उपास मोडेल म्हणून बसून राहू नका. ग्लुकोजचं पाणी घ्या. ते स्वच्छ पातळ पेयच आहे. मग रुग्णालयात फोन करून किती वाजता, किती घेतलं ते सांगा.

आदला दिवस: आपल्या स्वयंपाकघरात पातळ म्हणजे काय

गोंधळ इथेच होतो. "आदल्या दिवशी लिक्विड घ्या" असं सांगितल्यावर आपल्याकडे पहिली पेज शिजते. म्हणून आधी विचारून घ्या: कोणताही पातळ आहार चालेल, की आरपार दिसणारी पेयंच? दोन्हींत मोठा फरक आहे.

कोणताही पातळ आहार चालत असेल तर दूध, ताक, गाळलेलं सूप, शितं न ठेवता गाळलेली पेज चालते. आरपार दिसणारीच पेयं हवी असतील तर पेज बाद, वरची निवळही बाद, कारण ती पिठूळ असते. सोलकढी कितीही पातळ केली तरी तिच्यात नारळाचं दूध आहे, म्हणजे चरबी आहे, म्हणून ती बाद. ताक बाद. कुळथाची पिठी आणि माशाच्या कालवणाचा नुसता रस्सा हेही अर्थात बाद. चालतं काय? पाणी, दूध न घातलेला कोरा चहा, गाळलेलं लिंबूपाणी, मलई न येऊ देता गाळलेलं शहाळ्याचं पाणी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळं विचारूनच घ्या, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

कोकम सरबत? गाळलेलं असेल तर ऑपरेशनआधी सहसा चालतं. कोलोनोस्कोपी असेल तर अजिबात नको. लाल-जांभळा रंग आतड्यात राहिला तर दुर्बिणीतून तो रक्तासारखा दिसतो. जांभळाचा रस आणि बीटही त्याच कारणाने नकोत. कोलोनोस्कोपीआधी जुलाबाचं औषध देतात. इंजेक्शनमुळे बद्धकोष्ठ असेल तर नेहमीच्या मात्रेत आतडं नीट साफ होईलच असं नाही. हे आठवडाभर आधी सांगा, म्हणजे डॉक्टर तयारी वाढवून देतील.

पातळ आहार सांगितला नसेल तरी आदल्या रात्री वडे-सागोती, तळलेली सुरमई, ओल्या खोबऱ्याचं वाटप टाळा. उद्या उपाशी राहायचंय म्हणून आज दाबून जेवण्याची पद्धत आपल्या घराघरांत आहे. या औषधावर असताना ती सोडाच. संध्याकाळी लवकर थोडा मऊ भात आणि वरण पुरे.

त्या दिवशी सकाळी

दुधाचा चहा म्हणजे जेवणच. "अर्धा कप चहाने काय होतंय" असं घरातलं मोठं माणूस म्हणेल, त्यांना तुम्हीच थांबवा. पाणी किती वाजेपर्यंत प्यायचं याची रुग्णालयाने दिलेली वेळ पाळा. ती दोन तासांपेक्षा कडक असू शकते. रोजची रक्तदाबाची गोळी घ्यायची की नाही तेही आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

सकाळी मळमळतंय, उलटी झाली, पोट फुगलंय, रात्रीचं जेवण अजून वर आल्यासारखं वाटतंय, असं काही असेल तर ते लपवू नका. इतक्या लांबून आलोय, आता रद्द होईल, या भीतीने लोक गप्प बसतात. सांगितल्यावर प्रत्येक वेळी रद्द होतंच असं नाही. सोनोग्राफीत पोट रिकामं दिसलं तर पुढे जातात. भूलतज्ज्ञ पलंगापाशी आले की फोनमधला तो निरोप पुन्हा दाखवा आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख तोंडाने सांगा.

अचानक ऑपरेशन करावं लागलं तर

अपेंडिक्स किंवा महामार्गावरचा अपघात तारीख विचारून येत नाही. तिथे थांबवण्याचा प्रश्नच नसतो, फक्त माहिती पोचली पाहिजे. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, फोनच्या आपत्कालीन माहितीत औषधाचं नाव घाला आणि घरातल्या किमान एका माणसाला सांगून ठेवा. गावी एकटे राहणारे आईवडील हे इंजेक्शन घेत असतील तर शेजारच्या काकींनाही फ्रीजमधलं ते पेन दाखवून ठेवा.

पुन्हा कधी सुरू करायचं

घरी आलो की लगेच नाही. आधी जेवणखाण नेहमीसारखं जिरू दे, उलटी थांबू दे, पोट साफ होऊ दे. ऑपरेशननंतर दिलेल्या ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी मळमळ आणि बद्धकोष्ठ दोन्ही होतं. त्यावर इंजेक्शन घेतलं तर त्रास दुप्पट. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि इंजेक्शन भूकच मारतं. म्हणून सर्जन काही दिवस थांबायला सांगतील. तेवढ्यात अंडी, मासे, कुळथाची पिठी पोटात जाऊ द्या. चार-पाच दिवसांत वजनकाटा पळत नाही.

चुकलेला डोस भरून काढायला दोन इंजेक्शनं एकदम घेऊ नका. वार बदलायचा असेल तर दोन डोसांमध्ये सेमाग्लुटाइडला किमान दोन दिवस आणि टिर्झेपाटाइडला किमान तीन दिवस हवेत. एकच डोस चुकला असेल तर बहुधा आहे त्याच डोसवर परत जाता येतं. दोन किंवा जास्त चुकले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुन्या मोठ्या डोसवर उडी मारू नका. पोटाची सवय मोडलेली असते, उलट्या सुरू होतात, आणि टाके ओले असताना उलट्या नकोत. काही वेळा खालच्या डोसपासून पुन्हा चढावं लागतं.

घरी आल्यावर ताप, खोकला, धाप लागली तर "भूल उतरतेय" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात कळवा.

राहिलं पेन. माउंजारोच्या क्विकपेनमध्ये चार डोस असतात आणि पहिला डोस घेतल्यापासून ३० दिवसांत पेन टाकून द्यायचं असतं. एक आठवडा चुकला तर शेवटचा डोस २८ व्या दिवशी येतो, म्हणजे जमतं. दोन चुकले तर तो ३५ व्या दिवसावर जातो आणि वाया जातो. ओझेम्पिकच्या पेनला पहिल्या वापरानंतर यापेक्षा जास्त दिवस मिळतात. नेमके किती, ते खोक्यातल्या कागदावर पाहा; दुसरा ब्रँड असेल तरी तेच करा. पेन उघडल्याची तारीख खोक्यावर लिहून ठेवा. पावसात लाईट जाऊन फ्रीज बराच वेळ बंद राहिला असेल तर तेही लिहा, आणि पुढचा डोस घेण्याआधी दुकानदाराला दाखवा.